एक घर उजवीकडे

आमच्या मास्तरांना जगात एकाच गोष्टीची चीड होती. टाइप करताना कुणी खाली बोटांकडे बघितलं की त्यांचं डोकं फिरायचं. उशिरा या, जांभया द्या, खिडकीतून रस्त्यावरची भांडणं बघा, सगळं चालेल. पण मान खाली गेली की मास्तर मागून येऊन मुकाट्याने तुमच्या हातांवर नॅपकिन टाकणार. वर एवढंच म्हणणार, "बघू नको. बोटांना माहीत असतं."

हे मी ऐकीव सांगत नाही. त्या क्लासात तो नॅपकिन सगळ्यात जास्त माझ्याच हातांवर पडला. ड्रायक्लीनरच्या दुकानावर एक लांबट खोली होती. खालून इस्त्रीची वाफ वर यायची आणि त्या वाफेत दोन रांगांत बसून आम्ही खडखडाट करायचो. आधी टाइपरायटर होते, मग कॉम्प्युटर आले, नॅपकिन तोच राहिला. एकदा मी मोठ्या ऐटीत, मान अजिबात खाली न घालता, व्यापारी पत्राचं अख्खं पान टाइप केलं आणि मास्तरांच्या हातात दिलं. पानावर एक शब्द धड नव्हता. माझे दोन्ही हात सुरुवातीलाच एक बटण उजवीकडे सरकले होते, त्यामुळे प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचं शेजारचं अक्षर उमटलं होतं. मास्तरांनी चष्मा सारखा केला आणि ते पान पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे न अडखळता, बरोबर वाचून दाखवलं. मग म्हणाले, "पत्र चांगलं आहे. फक्त एक घर उजवीकडे आहे." क्लास खो खो हसला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी नोकरी मिळावी म्हणून टायपिंग शिकायला गेले होते. नोकरी राहिली बाजूला. मास्तरांचे थोरले भाऊ रोज त्यांचा डबा द्यायला यायचे आणि डबा देऊन झाला तरी हलायचे नाहीत. पुढचं काय सांगायचं. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत मास्तर मला "अगं ए, मान वर" म्हणत होते, दुसऱ्या दिवसापासून "अहो वहिनी" सुरू झालं. मी मात्र त्यांना भावजी कधीच म्हटलं नाही. ज्यांनी ओरडून शिकवलं त्यांना भावजी म्हणायला माझी जीभ वळत नाही. मास्तरांनी लग्न केलं नाही. ते, सासूबाई, आमचे हे आणि मी, असे आम्ही चौघं तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत राहतो.

मग मास्तरांचे डोळे गेले. एकदम नाही गेले, हप्त्याहप्त्याने गेले. आधी कडेचं दिसेना, मग पायऱ्या दिसेनात, मग समोरचा माणूस. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, उपाय नाही. क्लास बंद झाला, मशीनं गेली, नॅपकिनसुद्धा कुठंतरी गेला. मास्तरांनी फक्त एक कॉम्प्युटर आणि एक जुना, वजनदार कीबोर्ड घरी आणला. त्या कीबोर्डला ते कुणाला हात लावू देत नसत. न बघता टाइप करणाऱ्याला हात कुठं ठेवायचे ते कळावं म्हणून मधल्या ओळीत दोन बटणांवर बारीक उंचवटे असतात, एफवर आणि जेवर. क्लासातल्या पोरापोरींच्या बोटांनी ते पार झिजून गेले होते. म्हणून मास्तरांनी माझी लाल नेलपॉलिशची बाटली मागून घेतली आणि काडेपेटीच्या काडीने त्या दोन बटणांवर एकेक थेंब वाळवून ठेवला. बाटली तशीही कपाटात पडून होती. माझ्या हातांना कुठली शोभतेय नेलपॉलिश.

तेव्हापासून मी मास्तरांचे डोळे झाले. ते टाइप करायचे, मी शेजारी स्टूल ओढून पडद्यावर काय आलंय ते वाचायची. त्यांना आलेली पत्रं मी वाचायची, वर्तमानपत्र मी वाचायची, सोसायटीची नोटीस मी वाचायची. खोटं कशाला बोलू, मला कंटाळा यायचा. मी मधलं मधलं गाळायची. मास्तर लगेच ओळखायचे आणि म्हणायचे, वहिनी, वाचा, सारांश नको. मी फणकारायची, दुसरी बघा म्हणायची. पण आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, याचंही माणसाला एक सुख असतं. ते मला होतं.

दोन वर्षं अशी गेली. मास्तर दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. आणि एक दिवस हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून एका बाईंचा फोन आला. डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर यंत्रात बोलून ठेवतात, ते ऐकून झरझर आणि बिनचूक टाइप करणारं माणूस त्यांना हवं होतं, घरी बसून. मास्तरांचं नाव त्यांना सुचवलं होतं त्यांच्याच टेलिफोन ऑपरेटरने. हा ऑपरेटर म्हणजे मास्तरांचा नवा मित्र, जन्मापासून न दिसणारा आणि दिवसभर जगाशी बोलणारा. मास्तरांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळलेला मी पाहिला. मग बाईंनी विचारलं, पडद्यावरचं तुम्हाला कोण वाचून दाखवतं? मास्तरांनी सरळ सांगितलं, वहिनी. बाई म्हणाल्या, मग नाही जमायचं. पेशंटचं खासगी असतं. ते तुम्ही आणि तुमचं मशीन यांच्यातच राहायला हवं. तुम्ही एकट्याने करू शकणार असाल तर सोमवारी एक नमुन्याची फाइल पाठवते, संध्याकाळपर्यंत करून द्या.

"करू शकेन," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

पण एकट्याने करता येणार कसं, हाच प्रश्न होता. त्या कॉम्प्युटरवर पडदा वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता, पण तो चार शब्द बोलायचा आणि त्याचा घसा बसायचा. कॉम्प्युटर म्हातारा झालेला, त्यातली सिस्टीम त्याच्याहून म्हातारी, आणि नवी सिस्टीम त्या बापड्याला पेलणारी नव्हती. आमचे हे म्हणाले, एखादा माणूस बोलावू. मास्तरांनी माणूस नको म्हणून सांगितलं आणि ऑपरेटरला फोन लावला.

ऑपरेटर शनिवारी सकाळी काठी टेकत तिसऱ्या मजल्यावर आला. शर्टाच्या खिशात पेनड्राइव्ह. त्यात लिनक्स नावाची सिस्टीम होती. ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही, तो सांगू लागला. जगातली माणसं मिळून ती लिहितात, कशी लिहिली ते उघडं ठेवतात, कुणीही घ्यावी, कुणीही सुधारावी. सासूबाई म्हणाल्या, फुकट आहे म्हणजे काहीतरी खोट असणार. तो हसला. म्हणाला, आजी, यातला बोलणारा भाग लिहिणाऱ्यांत आमच्यासारखे न दिसणारेसुद्धा आहेत, म्हणून ती बसवायला घेतल्यापासून, पहिल्या प्रश्नापासून बोलते. मधे कुणाच्या डोळ्यांची गरजच पडत नाही. त्याने बसवायला थांबू का म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, नको. उद्या मी बसवीन. मला एकट्याने करता येतं का, तेच तर बघायचंय.

हे ऐकून मला वाईट वाटलं का? वाटलं. पण एवढ्या दिवसांत त्या माणसाने काहीतरी स्वतःहून मागितलं होतं.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांच्या जिवाला काळजी लागली की त्या फडकं हातात घेतात. घरात कुणी आजारी पडलं की आमच्या खिडक्या लख्ख होतात. शनिवारी संध्याकाळी त्यांनी मास्तरांचं टेबल पुसलं, कॉम्प्युटर पुसला, खुर्चीचे पाय पुसले. मी म्हटलं, आई, पुरे आता, तो उद्या बोलणार आहे, चालणार नाहीये. त्यांनी लक्ष दिलं नाही.

रविवारी सकाळी चहा पिताना मास्तर खुशीत होते. आमच्या ह्यांना सांगत होते, सगळं जाऊ दे, ते दोन लाल थेंब आहेत म्हणून मी आहे, त्यांच्यावर हात ठेवला की मला घरी आल्यासारखं वाटतं. सासूबाई चहा अर्धा टाकून उठल्या. मला वाटलं, पोराचं ऐकून डोळ्यांत पाणी आलं असेल.

आंघोळ उरकून मास्तर टेबलापाशी बसले. आम्ही तिघं मागे, बारशाला जमल्यासारखे. पेनड्राइव्ह लावला, कॉम्प्युटर चालू केला. एक बीप वाजला. ऑपरेटरने सांगितलं होतं, बीप वाजला की एस दाबायचा. एखादंच अक्षर दाबायचं असलं की मास्तर काठावरून मोजून दाबतात, मजकूर असला तरच हात ठेवतात. त्यांनी काठावरून मोजून एस दाबला, एंटर दाबलं. आणि थोड्या वेळाने तो बोलला. सर्दी झालेल्या माणसासारखा, नाकातून, पण बोलला. भाषा कोणती हवी, असं विचारत होता. मास्तरांनी मान मागे टाकली. मग म्हणाले, "वहिनी, हा मला विचारतोय. तुम्हाला नाही."

पुढचे प्रश्न सोपे होते. सर्दीवाला पर्याय वाचायचा, मास्तर उजवीकडच्या आकड्यांच्या चौकोनातून आकडा दाबायचे. मग आला तो प्रश्न. जुनी सिस्टीम आणि डिस्कवरचं सगळं पुसून टाकू का? जुने कागद आमच्या ह्यांनी आधीच दुसरीकडे उतरवून ठेवले होते, तरी मी ह्यांना पुन्हा एकदा विचारून घेतलं. एकदा हो म्हटलं की परतीची वाट बंद. मास्तरांनी बेधडक हो म्हटलं.

त्यानंतर नाव विचारलं. मास्तरांनी दोन्ही हात उचलून थेंबांवर ठेवले, बोटं पसरली, आणि क्लासातल्या जुन्या वेगाने आपलं नाव मारलं. सर्दीवाला प्रत्येक अक्षर उच्चारायला जायचा आणि पुढचं बटण दाबलं गेल्यामुळे त्याचं तोंड मधेच बंद व्हायचं. शेवटी त्याने अख्खं नाव परत म्हणून दाखवलं ते असं काही विचित्र की आमचे हे हसत सुटले. मास्तरही हसले. म्हणाले, सर्दी झालीय त्याला, हळूहळू शिकेल. मी पडद्याकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं सकाळीच ठरलं होतं, आणि एकदा तरी मी शब्द पाळला. मग पासवर्ड. तो तर सर्दीवालाही वाचत नाही, प्रत्येक अक्षराला नुसतं "स्टार, स्टार" म्हणतो. दोनदा मागितला, मास्तरांनी दोनदा तोच मारला. जुळला. पुढचं काम मशीन आपलं आपण करत बसलं.

आम्ही जेवलो. जेवताना सासूबाईंनी मला हळूच विचारलं, ते थेंब मधल्या ओळीत कितव्या बटणावर असतात गं? मी ताट उचलता उचलता सांगितलं, डावीकडून अक्षरं मोजली तर चौथं आणि सातवं. आणि का विचारताय हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही. जेवल्यावर मास्तर बाल्कनीत जाऊन बसले. मी ओटा आवरत होते. मास्तरांच्या खोलीत टेबलफॅन लागल्याचा आवाज आला. मी म्हटलं, मशीनला वारा घालताहेत वाटतं, घालू देत.

दुपारी मशीनने काम झाल्याचं सांगितलं, बंद होऊन पुन्हा चालू झालं. छोटीशी धून वाजली आणि सर्दीवाल्याने नाव विचारलं. मास्तरांनी हात ठेवले. म्हणाले, बटणं चिकट का लागताहेत? दारातून सासूबाई म्हणाल्या, घाम असेल तुझ्या हाताला. मास्तरांनी या वेळी सावकाश नाव टाइप केलं. इथे सर्दीवाला अक्षरं म्हणून दाखवत नव्हता. पासवर्ड टाइप केला. सर्दीवाला म्हणाला, चुकलं.

पुन्हा केलं. पुन्हा चुकलं. मास्तर खुर्चीत ताठ झाले. एकेक बटण दाबून, मनाशी पुटपुटत, तिसऱ्यांदा केलं. चुकलं.

"वहिनी," ते म्हणाले, आणि हे विचारणं त्यांना किती जड गेलं ते मला कळलं, "मोठ्या अक्षरांचा दिवा लागलाय का?"

लागला नव्हता. कीबोर्ड नीट जोडलेला होता. आमच्या ह्यांनी मागून वायर दाबून पाहिली, उगाच. मी म्हटलं, मास्तर, पुन्हा पहिल्यापासून बसवा, दिवस अजून आहे. सकाळी जमलं तसं आताही जमेल.

मास्तरांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. उलटे, तळवे वर करून.

"बसवीन हो. पण हात तर हेच ना," ते म्हणाले. "डोळे जायला लागले तेव्हा मी घाबरलो नव्हतो, वहिनी. म्हटलं, हात आहेत. आज स्वतःचं नाव टाइप करता येईना मला. नावसुद्धा. उद्या सकाळी त्या बाईंना फोन करा आणि सांगा, नाही जमणार."

आमच्या ह्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. इतक्या वर्षांत त्या माणसाला हातपाय गाळलेलं मी पाहिलं नव्हतं. डोळे जाताना नाही, क्लासला कुलूप लावताना नाही. मी सासूबाईंकडे वळले, म्हटलं, आई, तुम्ही तरी सांगा काही. त्या चौकट धरून उभ्या होत्या. आणि चौकट धरलेल्या हाताच्या अंगठ्याला लाल रंग लागला होता.

सासूबाईंनी आयुष्यात कधी नखांना रंग लावलेला नाही. माझ्याच नेलपॉलिशला त्या "ती भानगड" म्हणतात. मी त्या अंगठ्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला टेबलफॅन आठवला, चिकट बटणं आठवली, जेवतानाचा तो प्रश्न आठवला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. इतक्या वर्षांची सगळी बोलणी एकदम ओठांवर आली. म्हणजे घासायचं नाही तेही घासायचं, आणि वर पोराला सांगायचं, घाम असेल म्हणून. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या माझ्या पुढून चालत गेल्या आणि मास्तरांच्या खुर्चीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"तुझे हात चांगले आहेत रे," त्या म्हणाल्या. "माझे हात मेले नको तिथे जातात."

मग त्यांनी सगळं सांगितलं, अडखळत, पदराने अंगठा पुसत. शनिवारी पुसता पुसता त्यांना बटणांवर लाल खडे दिसले. हिनेच सांडलं असणार, असं म्हणून त्यांनी सुरीने खरवडून काढले. हिने म्हणजे मी, हे सांगायला नको. सकाळी चहाच्या वेळी मास्तर काय म्हणाले ते ऐकलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तर आंघोळीला गेले तेवढ्यात माझ्या कपाटातून बाटली काढली आणि अंदाजाने दोन थेंब लावले. माझ्याकडून खरी जागा कळली तेव्हा ध्यानात आलं की थेंब चुकले. मास्तर बाल्कनीत असताना त्यांनी ते खरवडले, बरोबर जागी लावले, फॅनने वाळवले. चूक निस्तरली, आता कशाला बोलायचं, असं त्यांना वाटलं. पोराला कळलं असतं तर तो रागावला नसता, हे त्यांना माहीत होतं. त्याचंच त्यांना जास्त भय वाटलं.

मास्तर ऐकत होते. मांडीवरचे हात हळूहळू सरळ झाले.

"आई, सकाळी कुठे लावले होतेस? माझं बोट धर आणि ठेव," ते म्हणाले.

सासूबाईंनी त्यांची तर्जनी धरली. वाकून, चष्म्यातून नीट बघून, एका बटणावर ठेवली. मग दुसऱ्या हाताची ठेवली. मास्तरांनी अंगठ्याने शेजारची बटणं चाचपली. आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेनात.

"वहिनी, सांगा कुठे आहेत हात?"

"एक घर उजवीकडे," मी म्हटलं.

सकाळी मास्तरांनी नाव टाइप केलं ते एक घर उजवीकडून, पासवर्ड टाइप केला तोही एक घर उजवीकडून, दोनदा, न चुकता. सर्दीवाल्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याला जे सांगितलं तेच तो म्हणत होता. दुपारी हात आपल्या घरी परत आले आणि दार उघडेना. क्लासातल्या नवशिक्यांना ज्या चुकीसाठी मास्तरांनी जन्मभर हसवलं आणि रडवलं, ती चूक त्यांच्या हातून त्यांच्या आईने करवून घेतली होती.

मास्तरांनी हात थेंबांवर ठेवले. मग मुद्दाम, दोन्ही हात मिळून, एक घर उजवीकडे सरकवले. माझ्यासमोर तो सगळा क्लास उभा राहिला. मी म्हटलं, "बोटांना माहीत असतं, मास्तर."

त्यांनी नाव मारलं. पासवर्ड मारला. क्षणभर काहीच झालं नाही, मग धून वाजली आणि सर्दीवाला बोलायला लागला, हे उघडलंय, ते उघडलंय, डावीकडे अमुक, उजवीकडे तमुक, थांबेचना. सासूबाईंनी विचारलं, उघडलं का रे? मास्तर म्हणाले, उघडलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी घासायला लागल्या. भांडी मी मघाशीच घासली होती. मी त्यांना काही बोलले नाही. पुढे कधी बोललेच तर बघू.

सोमवारी सकाळी फाइल आली. सवयीने मी हात पुसत गेले आणि मास्तरांच्या शेजारी स्टूल ओढलं. मास्तरांनी हेडफोन कानाला लावले होते. एक कान मोकळा करून ते म्हणाले, वहिनी, स्टूल तेवढं घेऊन जा. आणि हात लांब करून पडदा बंद केला. त्यांना काय तो असून नसून सारखाच. मी स्टूल उचलून बाहेर आले. दोन वर्षं ज्याला कंटाळले होते ते सुटलं, आणि मला ओट्यापाशी उभं राहून रडू आलं. आनंदाचं होतं, पण अगदी सगळंच आनंदाचं नव्हतं. ते स्टूल आता सासूबाई वरचे डबे पुसायला वापरतात.

आतून दिवसभर बटणांचा आवाज येत होता. एकसारखा, न थांबणारा. मधूनच मास्तर थांबायचे, काहीतरी पुन्हा ऐकायचे, की पुन्हा सुरू. मला त्यातलं एक अक्षर माहीत नव्हतं आणि होणारही नव्हतं. संध्याकाळी त्यांनी फाइल स्वतः पाठवली.

ते विचित्र नाव आणि तो पासवर्ड बदलता येतो, ऑपरेटरने फोनवर सांगितलं की दोन मिनिटांचं काम आहे. मास्तर नको म्हणाले. अजूनही रोज सकाळी ते थेंबांवर हात ठेवतात, एक घर उजवीकडे सरकतात, दार उघडतात आणि परत आपल्या जागी येतात. सर्दीवाला त्यांना त्या वेड्यावाकड्या नावानेच हाक मारतो. ते ओ देतात.

बाईंचं उत्तर आलं ते गुरुवारी. मी स्वयंपाकघरात होते. मास्तर भिंतीला हात लावत आले आणि दारात थांबले. मला वाटलं, पाणी हवं असेल. इतके दिवस त्यांना जे काही कळायचं ते माझ्या तोंडून कळायचं, आधी मी वाचायची, मग त्यांच्यापर्यंत जायचं. त्यांचा उजळलेला चेहरा बघून माझ्या लक्षात आलं की त्यांना काहीतरी माहीत आहे आणि मला नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "एक बातमी आहे. हातातलं ठेवा, सांगतो. पण सगळी सांगणार. सारांश नाही."